भाजक

अल्झायमरच्या रुग्णांचे एफडीजी-पेट स्कॅन निरोगी माणसांच्या स्कॅनशी ताडून पाहत होतो. मेंदूच्या मागच्या भागांत निळं, म्हणजे ग्लुकोजचा वापर घटलेला, ते अपेक्षितच. पण लहान मेंदूत आणि हालचाली सांभाळणाऱ्या पट्ट्यात चक्क लाल! आजारी मेंदू इथे जास्त साखर खातोय? चहा गार झाला, आणि मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं.

विभागातल्या मॅडमनी पडद्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "भागलंस कशाने?"

एफडीजी म्हणजे फ्लोरिन-18 जोडलेली साखर. पेशी ती आत घेते, तिच्यावर फॉस्फेट चढवते, पण पुढे पचवू शकत नाही. ती तिथेच अडकते आणि आपल्याला दिसते. मात्र स्कॅनमधला आकडा डोस, वजन, रक्तातली साखर अशा गोष्टींनी हलतो, म्हणून तो कशाने तरी भागावाच लागतो. कशाने, हे मी एसपीएमवर सोडून दिलं होतं. कार्ल फ्रिस्टन यांनी लंडनला पेटसाठीच लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर, मोफत आणि खुलं. (आम्ही ते चालवतो मात्र मॅटलॅबचा परवाना विकत घेऊन. जेवण फुकट, ताटाला भाडं.)

एसपीएम-ग्लोबल नावाची छोटी फाईल उघडली. ती आधी चित्रातल्या सगळ्या व्हॉक्सेलची, म्हणजे त्रिमितीय ठिपक्यांची, सरासरी काढते. त्या सरासरीच्या एक-अष्टमांशाहून फिके व्हॉक्सेल मेंदूबाहेरचे समजून गाळते आणि उरलेल्यांची पुन्हा सरासरी घेते. म्हणजे भाजक अख्खा मेंदू! आणि अल्झायमरमध्ये त्याच मेंदूचा बराचसा भाग मंदावलेला. भाजक लहान झाला की शाबूत भाग उगाचच फुगतो. शाळेतलं गणित. या भाजकाच्या पर्यायावर खूण मीच केली होती, सवयीने.

मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागाला या आजाराची झळ कमी लागते. त्याच्या सरासरीने भागून सगळं पुन्हा चालवलं. लाल गेलं, निळं अधिक पसरलं. शीर्षकही गेलं.

बंद सॉफ्टवेअरनेही कदाचित हाच भागाकार केला असता. मला तो वाचता आला नसता, इतकंच.

आता नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी ती फाईल उघडायला लावतो. रंगीत चित्रं दुसऱ्या दिवशी.