पाट्याची जागा

लेकीचा फोन आला तो ऐन पोळ्यांच्या वेळी. "आई, स्टँड मिक्सर घेऊ का? चांगला, वजनदार. चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जाईल." मी पोळी तव्यावर तशीच सोडून विचारलं, "रोज लागणार आहे का तुला?"

आणि माझी मलाच चपराक बसली. हे वाक्य माझं नव्हतंच. ते बाबांचं. आमच्या घरात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक यंत्राला दारातच त्यांनी हे विचारलं होतं. गंमत अशी की बाबांनी उभ्या आयुष्यात एक मूठ कणीक मळली नव्हती.

लेक डोंबिवलीला असते. 2020 च्या टाळेबंदीत विरंगुळा म्हणून केक करायला लागली. आता आठवड्याला चार-पाच ऑर्डरी असतात, शिवाय शनिवारी घरचे पाव. हातात धरायचा छोटा मिक्सर आहे, पण पावाच्या पिठात घातला की दोन मिनिटांत तापतो आणि जळक्या वायरीसारखा वास सोडतो. मग तो खिडकीत गार करत ठेवायचा आणि तोवर हाताने मळायचं. "मनगट गेलं गं," ती म्हणाली. त्या वाक्यावर मला आधी आईचं मनगट आठवलं आणि मग आमचा पाटा.

साताऱ्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मोरीला लागून, पाट्याची जागा होती. जागा म्हणजे अक्षरशः जागा. तिथली फरशी झिजून त्याच्या मापाचा खळगा पडला होता. पाटा कुणी उचलून ठेवत नसे, तो वापरून झाला की धुवायचा आणि भिंतीला टेकवून उभा करायचा, एवढंच. त्या कोपऱ्यात दुसरं काही ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. घरात बाळ झालं की पाचवीच्या पूजेला तोच पाटा-वरवंटा, आणि बारशाला त्याच वरवंट्याला टोपडं. एरवी चटणीत बरबटलेला तो दगड त्या दिवशी बाळाआधी पाळण्याखालून जायचा.

वर्षातून एकदा-दोनदा दारावरून टाकी लावणारी बाई जायची. तिची हाक गल्लीच्या टोकापासून ऐकू यायची. अंगणात पाटा आडवा घालून ती छिन्नी-हातोडीने टकटक, टकटक करत गुळगुळीत झालेल्या दगडाला पुन्हा खडबडीत करायची. आम्ही पोरं बारीक कपच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून लांब उभी. टाकी लावल्यावर आई मूठभर जाडं मीठ आणि तांदूळ वाटून टाकून देई, कच निघून जावी म्हणून. त्यानंतरची पहिली चटणी मात्र अशी लागायची की बाबा एक भाकरी जास्त मागायचे.

पुढे खूप वर्षांनी, मिक्सरच्या चटणीला ती चव नाही असं मी आईजवळ हळहळून म्हणाले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "चव पाट्याची होती, पाठ माझी होती." मी त्यानंतर तो विषय काढला नाही.

पण लेकीच्या प्रश्नाशी खरं नातं आहे ते पाट्याचं नाही, नानकटाईचं. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे नानकटाई व्हायची, पण भट्टी घरात नसायची. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर असं सगळं सामान घेऊन बेकरीत जायचं. पहाटेचे पाव उतरले की दुपारी भट्टी मोकळी असे, तेव्हा घरगुती सामान भाजून देत. नंबर लावायचा, पत्रे आणायचे, आपापल्या नानकटाया त्यावर थापायच्या. शेजारणीच्या पत्र्यातली आपल्या डब्यात आली तर तिच्याबद्दल पुढच्या मेपर्यंत बोलणं व्हायचं.

त्या आधीची सकाळ तूप फेसण्यात जायची. मोठी पितळी परात जमिनीवर. मध्ये डालड्याचा गोळा. आई मांडी घालून बसायची आणि तळहाताच्या उंचवट्याने ते तूप परातीवर गोल, गोल, एकाच दिशेने फिरवत राहायची. दिशा बदलली की आत्या ओरडायची. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही. नुसता चिकट आवाज. मग त्यात पिठीसाखर थोडी थोडी पडते आणि तूप पांढरं व्हायला लागतं. नंतर ते फुगतं. हाताखाली त्याचा भार कमी झाल्यासारखा वाटतो. झालं का नाही हे ठरवायला वाटीभर पाणी शेजारी ठेवलेलं असे. त्यात एक थेंब सोडायचा. बुडाला तर आणखी फेसा. तरंगला तर मग मैदा, वेलदोडे, जायफळ. मी बारा वर्षांची असताना माझ्याही हाती परात आली आणि पाच मिनिटांत मी "तरंगतंय!" असं खोटंच सांगून टाकलं होतं. त्या वर्षीच्या नानकटाया कौलांसारख्या झाल्या.

त्या खोटेपणाचं शास्त्र मला लेकीने शिकवलं. साखरेचे कण तुपात-लोण्यात घासले जातात तेव्हा हवेचे बारीक बुडबुडे आत अडकतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, आहेत तेवढेच फुगवते. म्हणजे आधी फेसलं नाही, तर नंतर भट्टीने कितीही जीव काढला तरी उपयोग नाही. आत्याला हे माहीत नव्हतं, पण वाटीतलं पाणी माहीत होतं.

आमच्याकडे पहिला मिक्सर आला 1978 साली, सुमीत. त्याची जन्मकथा मला फार आवडते. सत्यप्रकाश माथुर हे मुंबईतले इंजिनिअर. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर आपल्याकडच्या वाटणघाटणापुढे हात टेकून बंद पडला, आणि तो दुरुस्त होईना. तूच एक करून दे, असं त्यांनी नवऱ्यालाच सांगितलं. साठच्या दशकात माथुरांनी आपल्या डाळ-तांदळाला आणि खोबऱ्याला पुरेल असा दमदार मिक्सर उभा केला. युरोपातली यंत्रं मऊ पदार्थांसाठी घडलेली, आपल्याला कोरडी हळकुंडं नि भिजलेली उडदाची डाळ एकाच भांड्यात फिरवायची. सगळा फरक तिथे होता.

बाबांनी अर्थातच विचारलं, "रोज लागणार आहे का?" आईने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज लावून दाखवला. सकाळी सहाला तो घरघरला की आमचं अंथरूण सुटायचं. वर्षभरात पाटा परसात गेला. तिथे धुण्याच्या दगडाशेजारी पायरी म्हणून त्याने आणखी वीस वर्षं काढली.

नव्वदीत मी माझ्या संसारात फूड प्रोसेसर घेतला. त्याच्यासोबत आठ का नऊ वेगवेगळी पाती आणि चकत्या होत्या. किसणं, कापणं, कणीक मळणं, रस काढणं. पहिला महिना मी काकडीच्या चकत्यांनी घर भरलं. नंतर लक्षात आलं की एक काकडी कापायला पाच भाग धुवावे लागतात. कणीक मळायची ठीक, पण मग ती पात्याखालून खरवडून काढण्यात पोळ्या लाटून झाल्या असत्या. तो आधी ओट्यावरून कपाटात गेला, कपाटातून माळ्यावर. माळ्यावर त्याला सोबतीला पुरणयंत्र, सँडविच टोस्टर, आणि लग्नात आलेलं आइस्क्रीमचं लाकडी बादलीचं यंत्र. पुरणयंत्र बिचारं वर्षातून दोनदा, होळीला आणि पाडव्याला, खाली येतं. बाकीच्यांना तेवढंही भाग्य नाही.

म्हणून लेकीला मी म्हटलं, माळ्यावर जाणार असेल तर एक रुपयाही घालू नकोस.

"आई, तो माळ्यावर जाऊच शकत नाही. अकरा-बारा किलोचा असतो."

मग मी त्या यंत्राची कुळकथा वाचायला बसले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात होबार्ट नावाची कंपनी होती. तिथले इंजिनिअर हर्बर्ट जॉन्स्टन यांनी 1908 साली एका बेकरीवाल्याला लोखंडी दांड्याने पावाचं पीठ ढवळताना पाहिलं, असं सांगतात. 1914 मध्ये बेकऱ्यांसाठीचं मोठं यंत्र आलं. ते इतकं पसंत पडलं की अमेरिकी नौदलाने युद्धनौकांच्या मुदपाकखान्यांतही बसवलं. 1919 मध्ये घरगुती यंत्र निघालं, किचनएड. घरगुती म्हणायचं एवढंच. वजन 65 पौंड, म्हणजे साधारण 29 किलो, आणि किंमत 189.50 डॉलर. दुकानदार ठेवून घ्यायला तयार होईनात, तेव्हा बहुतांशी बायकाच ते दारोदार नेऊन, करून दाखवून विकायच्या. एकोणतीस किलोचं ते धूड घेऊन त्या किती पायऱ्या चढल्या असतील, याचा हिशेब कुठे लिहिलेला नाही. 1937 मध्ये एग्मॉन्ट एरेन्स यांनी त्याला आजचा गोलसर आकार दिला.

आतली करामत मात्र ओळखीची निघाली. भांडं जागेवर स्थिर, आणि ढवळणारा दांडा स्वतःभोवती एका दिशेने फिरत असताना भांड्याभोवती उलट दिशेने फेरी घालतो. सूर्याभोवती ग्रह फिरतो तशी चाल. त्यामुळे भांड्याचा कुठलाही कोपरा सुटत नाही. आईचा तळहात परातीत नेमकं हेच करत होता, फक्त तिला मध्येच उठून दूधही उतरवावं लागे.

वॅटच्या आकड्याने भुलू नये, हेही मला उशिरा कळलं. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं ते, पिठात किती जोर उतरतो ते नव्हे. खाणाऱ्या सगळ्यांच्याच हाताला काम असतं असं नाही, हे आपल्याला घरोघरी माहीत आहे. यंत्र चालवून, झाकण उचलून बघावं, आतली चाकं धातूची आहेत का विचारावं, पावाचं घट्ट पीठ घालून ओट्यावर नाचतं का ते पाहावं. आणि पाव मळताना वेग कमीच ठेवावा. घाई केली की पीठ आणि मोटर दोन्ही तापतात.

न्यू जर्सीतला पुतण्या म्हणाला, इथे सेलमध्ये स्वस्त मिळतो, येताना आणतो. त्याचं मन मोठं, पण तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. म्हणजे वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तो ओट्यावर आणखी जागा अडवणार. शिवाय त्याच्या 23 किलोच्या बॅगेतली अर्धी बॅग मिक्सरची. चितळ्यांची बाकरवडी परत कशात नेणार तो?

एका गोष्टीवर मात्र मी ठाम राहिले. पुरणपोळीच्या कणकेसाठी हे यंत्र घेऊ नकोस. चार माणसांची कणीक त्या मोठ्या भांड्यात तळाशी पडून राहते, पीठ मळायच्या आकड्याला नीट लागतच नाही. आणि तेल-पाणी लावून, आपटून, तार सुटेपर्यंत तिंबायची ती कणीक कधी थांबवायची हे बोटांना कळतं. माझ्या आईच्या बोटांना कळायचं. माझ्या बोटांना साधारण कळतं. लेक म्हणाली, "माझ्या बोटांना लोणी कळतं, कणीक तू कर." यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मग हिशेबाला बसलो. आठवड्याला पाच केक, शनिवारचे पाव, दिवाळीआधी नानकटाईच्या ऑर्डरी. हो, नानकटाई आता ती घरच्याच ओव्हनमध्ये करते, नंबर न लावता. रोज लागणार आहे का, या प्रश्नाचं उत्तर "जवळजवळ" असं निघालं. पैशांचं जमण्यासारखं होतं. न जमणारं होतं ते ओट्याचं. डोंबिवलीचा ओटा तो! एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला सिंक, मध्ये पाण्याचा फिल्टर आणि डब्यांची चळत. त्यात वर कपाटं. यंत्राचं डोकं मागे कलतं तेव्हा ते कपाटाला आपटणार की काय, म्हणून जावयाने टेप आणून मोजलं. खिडकीखालची दीड फूट जागा तेवढी मोकळी सापडली.

मी म्हटलं, घेण्याआधी एक कर. दहा किलो तांदळाची गोणी आण आणि त्या जागेवर ठेव. आठ दिवस हलवायची नाही. तिच्याभोवतीनं स्वयंपाक कर. अडचण होतेय का बघ.

तिने हसत का होईना, ठेवली. दुसऱ्या दिवशी फोन, गोणी कोपराला लागते. तिसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंनी त्यावर कोथिंबीर निवडायला घेतली. पाचव्या दिवशी डब्यांची चळत मुकाट्याने सिंककडे सरकलेली होती. नातीने गोणीला टोपी घातल्याचा फोटोही आला.

नवव्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. "आई, गोणी फोडली गं. घरातले तांदूळ संपले होते."

"मग?"

"मग काय. तांदूळ डब्यात भरले, आणि तेव्हापासून तो कोपरा ओका ओका दिसतोय."