चिमणीलाही स्पेस हवी!

चिमणी म्हटलं की पुण्या-मुंबईतल्या माणसाला मॉड्युलर किचनमधला तो बटणवाला चकाचक डबा आठवतो. धाराशिवच्या आमच्या जुन्या घरात तो काय कामाचा? तिथे खरीखुरी चूल आहे. चुलीवर लाकडी फळ्यांचा पोटमाळा आणि त्याच्यावर माळवद, म्हणजे सागवानी तुळया, फळ्या आणि वर फूटभर माती. उन्हाळ्यात एसीला लाजवेल असा गारवा! पूर्वी धूर जायला माळवदात साणं असायचं, चौकोनी भोक. पण मधे पोटमाळा आला आणि धुराची वाटच बंद झाली.

'गॅस नाही का?' तुम्ही विचाराल. आहे की! २०१६ साली उज्ज्वला आली, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे सिलिंडर आहे. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर अशी आईची सरळ वाटणी. पण गेले दोन हिवाळे भाकरी थापण्याबरोबर तिचा खोकलाही ऐकू यायला लागला. डॉक्टर म्हणाले, चूल तरी सोडा नाहीतर धूर तरी बाहेर सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा प्रदूषित हवेमुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. आई चूल सोडणार नव्हती. मग धूर बाहेर सोडायचं ठरलं.

मिस्त्रीमामा आले, वर बघितलं आणि म्हणाले, "काही नाही मालक, जस्ताचा पाइप घालू, भोवतीनं सिमेंट थापू. दुपारपर्यंत काम खल्लास!"

ऐकायला सॉलिड वाटतं. पण नेमकं हेच करायचं नसतं. लाकूड पेटायला ज्वाळच लागते असं नाही. गरम पाइपाला टेकलेलं लाकूड महिनोन् महिने शेकतं, कोळशासारखं होत जातं आणि एक दिवस एरवीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेतं. मधे सिमेंट थापलं तरी उष्णता पलीकडे पोचतेच. म्हणून चिमणीतला सगळ्यात महत्त्वाचा पार्ट पाइप नाही, तर पाइपाभोवतीची मोकळी जागा!

साधा एकेरी पाइप लाकडापासून ४५ सेंटिमीटर लांब हवा. एवढं भगदाड कोण पाडणार? त्यामुळे छताच्या खालपासूनच दुहेरी भिंतीचा, मधे इन्सुलेशन असलेला स्टेनलेस स्टीलचा पाइप घ्यायचा. त्यालाही चारही बाजूंनी साधारण ५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. नेमका आकडा कंपनी देते, तो पाळायचा. या फटीत चिंध्या, माती, काही म्हणजे काही कोंबायचं नाही. फळ्यांमधून पाइप वर जातो तिथे खालून पत्र्याची प्लेट बसवायची, म्हणजे खालची आग वर चढत नाही. पोटमाळ्यावर तर आमच्या तीन पिढ्यांच्या गोधड्या! त्या पाइपाला टेकू नयेत म्हणून भोवती जाळीचा पिंजरा केला.

खरं टेन्शन अण्णांचं होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि आपल्या जिल्ह्यात हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हापासून अण्णा आमची एकेक तुळई ओळखतात. "भोक पाडा, पण तुळईला करवत लागली तर बघा," एवढंच ते म्हणाले. आणि ते शंभर टक्के बरोबर होते. तुळई कापली की छताचा आधारच गेला. मग मिस्त्रीमामांनी ओळंबा सोडला, दोन तुळयांमधली जागा शोधली आणि त्याप्रमाणे चूल दीड फूट सरकवली. घर जागेवर, चूल सरकली!

माळवदात पत्र्याचं रुंद नळकांडं बसवून माती लांब अडवली. पावसासाठी कॉलर, वर टोपी आणि ठिणग्यांसाठी जाळी. पाइप माळवदापासून तीन फूट उंच ठेवला, नाहीतर वारा धूर परत खाली ढकलतो. सांध्यांची तोंडं अशी की डांबरासारखा ओघळ आतच राहावा. आणि खिडकी? ती उघडीच! चुलीला ताजी हवा मिळाली नाही तर चिमणी ओढणार काय?

मेंटेनन्सही आहेच. ओलं लाकूड जाळायचं नाही. काजळीचा थर ३ मिलिमीटर झाला की ब्रश मारायचा, कारण काजळीही पेटते.

आईचा खोकला पूर्ण गेलाय असं म्हणत नाही. पण भाकरी थापताना ती आता डोळे पुसत नाही आणि मधे न थांबता अख्खी गोष्ट सांगते. दिवाळीला गावी जाताना घरच्यांसाठी स्मार्ट टीव्ही घ्यायचा विचार असेल, तर आधी चुलीच्या वर एकदा नजर टाका. भिंत काळी दिसली, तर टीव्ही थोडा थांबू शकतो.