‘मला चहा आवडतो’

मुलीने यंदा कॉलेजात स्पॅनिश घेतलंय. परवा रात्री वही घेऊन आली. ‘मला चहा आवडतो’ याचं तिने ‘यो गुस्तो एल ते’ केलं होतं आणि बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली होती. “यो म्हणजे मी. मग चुकलं कुठं, बाबा?”

मला कुठलं स्पॅनिश येतंय! पुस्तक उघडून दोघं बसलो. बरोबर वाक्य होतं, ‘मे गुस्ता एल ते’. यातलं ‘मे’ म्हणजे मी नव्हे, मला. पोरीने इंग्रजीतल्या ‘आय लाइक’वरून वाक्य बेतलं, तिथंच फसली. मी म्हटलं, “अज्जीला विचार, चहा आवडतो हे त्या कसं म्हणतात.” सासूबाई धारवाडकडच्या. आतूनच म्हणाल्या, “ननग चहा भाळ सेर्तद.” ननग, मला, मे. तिन्ही एकाच माळेचे मणी!

पुढे ‘मे गुस्तान लोस मांगोस’ आलं. आंबे अनेक, म्हणून गुस्ताचं गुस्तान झालं. आपलंही तसंच की. आंबा आवडतो, आंबे आवडतात. क्रियापद खाणाऱ्यामागे जात नाही, आंब्यामागे जातं. मग तिने आपणच लिहिलं, ‘आ मी आब्वेला ले गुस्ता एल ते’, माझ्या आजीला चहा आवडतो. आपला ‘ला’ शब्दामागे चिकटतो, त्यांचा ‘आ’ पुढे उभा राहतो. शिवाय ‘ले’ म्हणजे ‘तिला’ हेही ते म्हणतातच.

ती खुशीत झोपायला गेली. मला मात्र झोप येईना. वीस वर्षांमागचा एक मुलगा आठवला. खेड्यातून आलेला, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा. वर्गात उभा राहून म्हणाला होता, ‘टू मी टी लाइक्स’. मी ते वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवलं. वर्ग हसला, मीही हसलो. नंतर वर्षभर त्याने तोंड उघडलं नाही.

मी इंग्रजीचा एम.ए. ‘हॅम्लेट’ वर्षानुवर्षं शिकवलेलं. त्याच नाटकात राजा ‘लाइक’ हे क्रियापद ‘पसंत पडणे’ या अर्थाने वापरतो. जुन्या इंग्रजीत माणूस वस्तूला लाइक करत नसे, वस्तू माणसाला लाइक होई. आजच्या इंग्रजीत त्या पोराचं चुकलंच होतं. पण ते वाक्य त्याने घरातून आणलं होतं, आणि घरात ते बरोबर होतं. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

गेल्या आठवड्यात एका मुलीच्या वहीत तसंच वाक्य सापडलं. नाव न घेता मी फळ्यावर मराठी, कन्नड, स्पॅनिश अशा तीन ओळी लिहिल्या आणि खाली इंग्रजी. वर्ग गप्प होता. मग तीच मुलगी उठली. “सर, तिघी एका बाजूला, मग इंग्रजीच का उलटी?”