रविवारचा बोपदेव

रविवार, रात्र. कोंढव्याहून सायकलवर बोपदेव घाट चढून सासवड, मग दिवे घाटाने हडपसरला उतरलो. मांड्या अजून ठणकतायत.

सासवडला मिसळ येईपर्यंत तोच विषय: कुणाचा सरासरी वेग किती, ठोके किती. ग्रुपमधले बँकवाले काका आकडे बघतच नाहीत, मोबाइल पाठीच्या खिशात बंद. चढावर मात्र त्यांना कुणी गाठत नाही. त्यांचं म्हणणं, आठवडाभर गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालवा आणि एखाद्याच दिवशी जीव काढा. आम्ही पोरं रोजच जीव काढतो आणि रविवारी रिकामे.

शर्यतीचं मला फारसं आकर्षण नाही. ब्रेवे आवडते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटर, साडेतेरा तास. पहिला-दुसरा नंबरच नसतो. वाटेतल्या ठिकाणी कार्डावर नोंद करायची आणि पुढे निघायचं. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या वर्षातच या चारही पुऱ्या केल्या, की तिची पात्रता मिळते: १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास, झोपही त्यातच. आणि हे करणाऱ्यांना म्हणायचं हौशी!

नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ मध्ये दवाखाना सांभाळून सायकलवर अमेरिका आडवी पार करून आले. आमची धाव अजून जेजुरीपर्यंत.

पुढच्या रविवारी सिंहगड ठरतोय. त्याआधी चेन बदलायला हवी, गिअर टाकताना कुरकुरते.