केटबाई

सून तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणते. गेल्या पावसाळ्यात तिनं सिडनी शेल्डनची ‘मास्टर ऑफ द गेम’ माझ्या हातात ठेवली. मूळ कादंबरी १९८२ सालची, मी वाचली ती मराठीतून.

त्यातली केट ब्लॅकवेल मला पहिल्यापासून आवडली नाही. तिचा बाप स्कॉटलंडहून दक्षिण आफ्रिकेत हिरे शोधायला गेला आणि मोठा धंदा उभा केला. बापामागं तो राखायचा आणि वाढवायचा, एवढंच बाईचं व्रत. त्यासाठी ती माणसं सोंगट्यांसारखी हलवते. मुलगा टोनी चित्रकला शिकायला पॅरिसला जातो. त्यानं कंपनीत यावं म्हणून ती एका बड्या समीक्षकाला फितवते आणि पोराची चित्रं हलकी ठरवते. पोरगं रंग टाकून घरी येतं.

त्या पानावर मी बाईला शिवी हासडली, पुस्तक मिटलं. पण रात्रभर झोप लागली नाही.

माझा थोरला सतराव्या वर्षी तालमीत जायचा. अंगानं भरलेला, डावाला चपळ. कोल्हापूरला मोठ्या तालमीत ठेवा म्हणून मागं लागला. घरात चार एकर ऊस, राबणारा मी एकटा, वर सोसायटीचं कर्ज. बदाम-तुपाचा खुराक कुठनं आणायचा? एका संध्याकाळी वस्तादांना गाठून म्हणालो, “वस्ताद, तुझ्यानं व्हायचं न्हाई, असं त्याला सांगा. माझं ऐकायचा न्हाई, तुमचं ऐकंल.” वस्ताद बराच वेळ गप्प बसले. पण त्यांनी सांगितलं. पोरानं लंगोट खुंटीला अडकवला, तो कायमचा.

केटनं पैसे मोजले, मी हात जोडले. फरक एवढाच.

आईचे डाव उमगल्यावर पुढं टोनी तिच्यावर गोळी झाडतो. बाई जगते, पोरगं डोक्यानं जातं. तरी माझं एक मन म्हणतं, बाईनं बापाचं राखलं की. माझ्या पोरानंही कर्ज फेडलं, दोन एकर वाढवली. पण यात्रेतल्या कुस्त्या बघताना कडेला उभ्या उभ्या त्याच्या मुठी वळतात, ते मला दिसतं.

आता पुस्तक त्यानं उचललंय. जेवणं झाली की पाच-दहा पानं वाचतो. काल म्हणाला, “आण्णा, बाई लई कावेबाज हाय.”

“व्हय,” म्हणालो.

तो रानात गेल्यावर खुणेचं पान उघडून बघितलं. टोनी अजून पॅरिसला गेलेला नाही. तो जायच्या आत मलाच सांगायला पाहिजे.