पाठीवरचा पंप



आज पिकाची नोंद नाही. आज माझ्याच अंगाची नोंद लिहितोय, कारण गेली दीड वर्षं शेतापेक्षा जास्त प्रयोग तिथंच चाललेत.

सुरुवात सोयाबीनमध्ये झाली. गेल्या वर्षीचा ऑगस्ट, अळीचं औषध मारायचं होतं. गडी आला नाही म्हणून बॅटरीचा पंप मीच पाठीला लावला. पहिला पंप कसाबसा मारला. दुसऱ्याला अर्ध्या पट्ट्यात धाप लागली. तिसरा भरायला वाकलो तर डोळ्यांपुढं अंधारी. बांधावर बसलो. मुलगा पळत आला, त्याला वाटलं औषध चढलं. औषध नव्हतं चढलं. तोंडाला मास्क होता, वारंही पाठीमागून होतं. चढलं होतं ते माझंच वजन.

संध्याकाळी दूध संस्थेत गेलो आणि पेंडीची पोती तोलायच्या काट्यावर उभा राहिलो. 91 किलो. लग्नात मी 69 चा होतो. मधला फरक 22 किलो. घरी येऊन भरलेला पंप काट्यावर ठेवून बघितला. 16 लिटर पाणी आणि सहा किलोचा पंप, बरोबर 22. म्हणजे जो पंप मला तीन फेऱ्या पेलवला नाही, तसलाच एक मी रात्रंदिवस पोटावर बांधून फिरत होतो. झोपतानासुद्धा उतरवत नव्हतो.

तरी मी काही केलं नसतं. माणूस चार दिवस घाबरतो, पाचव्या दिवशी विसरतो. मला विसरू दिलं नाही ते आण्णांनी, माझ्या थोरल्या भावानं.

आण्णा दिसायला जाड नाहीत. हातपाय काटक, फक्त पोट पुढं. गावात त्यांना कुणी लठ्ठ म्हणणार नाही. ऑक्टोबरात बांधावरच्या बाभळीचा काटा त्यांच्या पायात मोडला आणि त्यांना कळलाच नाही. चार-पाच दिवस तसेच पाणी पाजत फिरत होते. वहिनींना सॉक्सवर पू दिसला तेव्हा समजलं. दवाखान्यात तपासलं तर साखर किती वर्षांपासून वाढलेली कुणास ठाऊक. वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, दुखणं कळत नाही, जखम भरत नाही. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. आम्ही शेतकरी माणसं, सगळं आयुष्य पायावर. जमिनीचा ओलावा तळपायाला कळतो आपल्या. त्या माणसाला काटा कळला नाही, ही गोष्ट अजून मला झोपेत आठवते.

डॉक्टरांनी त्यांच्या पोटाला टेप लावला. मग सोबत आलेल्या मला म्हणाले, या, तुमचंही बघू. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची 80 च्या. आण्णांची 99 भरली, माझी 106. त्यांनी सांगितलं, नुसत्या वजनावर जाऊ नका, आपल्या लोकांत चरबी पोटात आधी साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्य घातलंय. पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की आपली बाळं वजनाला कमी असतात, पण चरबी त्या मानानं टिकून असते. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि एका इंग्रज डॉक्टरांचा जोडीनं फोटो छापून आला होता. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच, पण अंगातली चरबी इंग्रजाची 9 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21 टक्के. आमचे आण्णा त्यातलेच. वरून काटक, आत चरबी.

घरी आलो आणि पहिला वाद आईशी. ती म्हणाली, "दिवसभर रानात असतोस की रं, आणि व्यायाम कशाला लागतोय?" मलाही तसंच वाटायचं. म्हणून वहीत हिशोब मांडला.

आमचे आजोबा बैलाच्या नांगरानं नांगरायचे. एक एकर म्हणजे 4047 चौरस मीटर. नांगराचं तास वीतभर, म्हणजे साधारण 23 सेंटिमीटर धरा. एक एकर नांगरायला नांगरामागं साडेसतरा किलोमीटर चालावं लागतं, वळणं सोडून. दिवसात अर्धा एकर झालं तरी नऊ किलोमीटर, तेही ढेकळांतून, नांगर दाबून धरत. आता माझा दिवस बघा. रान घरापासून आठशे मीटर, जातो मोटारसायकलवर. नांगरट, रोटाव्हेटर ट्रॅक्टरवर. पाणी ठिबकचं, कॉक फिरवला की झालं. मोटर मोबाईलवर चालू होते. धारा मशीनवर. ऊस तोडायला टोळी येते. मी रानात असतो हे खरं, पण रानात बसलेला असतो. मुलाच्या मोबाईलनं पावलं मोजली, दिवसाला साडेतीन हजार भरली. यंत्रांनी कष्ट कमी केले त्याचं मला वाईट वाटत नाही. आजोबांची पाठ साठीतच वाकली होती. पण कष्ट गेले आणि ताट तेच राहिलं, उलट वाढलं.

मग ताटाचा हिशोब. आमच्या कृष्णाकाठी कारखान्याच्या सभासदाला सवलतीत साखर मिळते. पोतं घरात असलं की हात सैल सुटतो. माझा चहा दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे. बारा चमचे म्हणजे 60 ग्रॅम, महिन्याला पावणेदोन किलोच्या वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी. तेलाचा 15 लिटरचा डबा आमच्या घरी दीड महिन्यात संपायचा. सहा माणसं, म्हणजे माणशी रोज 55 मिली. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी. नुसत्या तेलातून माणशी साडेचारशे कॅलरी रोज जात होत्या आणि आम्ही म्हणत होतो, आम्ही कुठं बाहेरचं खातो!

आता चुका सांगतो, कारण त्याच जास्त उपयोगाच्या आहेत.

पहिली चूक, नुसतं चालणं. नोव्हेंबरात आम्ही सात जणांनी पहाटे साडेपाचला कॅनॉलच्या रस्त्यानं चालायला सुरुवात केली. जाऊन-येऊन पाच किलोमीटर. मोठा उत्साह. पण परतीच्या वाटेवर फाटा, फाट्यावर गाडा. एवढं चाललोय म्हणून प्रत्येकी एक मिसळ नाहीतर दोन वडापाव. दोन महिन्यांनी काट्यावर उभे राहिलो, चौघांचं वजन वाढलेलं! पाच किलोमीटर चालून जेवढं खर्च होतं, तेवढं साधारण एका वडापावात परत येतं. तेव्हापासून आमची वाट फाट्याकडं जात नाही, मळ्याकडं जाते.

दुसरी चूक, भाकरीला औषध समजणं. चपाती बंद केली, शाळूची भाकरी सुरू केली आणि चार-चार भाकऱ्या खायला लागलो. शाळूच्या आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळजवळ सारखेच. भाकरीचा फायदा असा की तिला तेल लागत नाही, चोथा असतो, चावावी लागते, पोट लवकर भरतं. पण चौथी भाकरी ही चौथी भाकरीच. आता दोन खातो.

तिसरी चूक, एकदम उपास. आमच्यातला एक जण साखरेच्या गोळ्या घेतो. त्यानं मनानंच रात्रीचं जेवण सोडलं आणि पहाटे घामाघूम होऊन चक्कर येऊन पडला. साखर खाली गेली होती. तेव्हा साखरेच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. हे माझं हात जोडून सांगणं आहे.

वाट सापडली ती गोठ्यात. माझ्याकडं सहा संकरित गाई आहेत. जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला गाईच्या अंगाला गुण द्यायला शिकवलंय, एकपासून पाचपर्यंत. बरगडी, माकडहाड, शेपटीचं मूळ बघून. भाकड काळात गाय फार अंगावर आली की व्यायल्यावर खाणं सोडते, किटोसिस होतो, दूध तुटतं. म्हणून हिरवा चारा किती, वाळला किती, पेंड किती, हे मी किलोत लिहून ठेवतो. पेंड जास्त झाली की पोटात आम्लता, हे गावातलं पोरगंही सांगेल. एका रात्री गाईंची वही भरताना मनात आलं, गाईची पेंड मी मोजून घालतो आणि स्वतःच्या पुढं मोजमाप नसलेली परात.

मग माणसांचा रेशन तसाच मांडला. भाजी म्हणजे हिरवा चारा, ताटाचा अर्धा भाग. त्यासाठी विहिरीजवळ एक गुंठा मोकळा ठेवला. मेथी, माठ, दोडका, गवार, काकडी, आणि बांधावर शेवगा. तांदूळजा, घोळ तर तणनाशक मारायचं सोडलं की आपोआप येतात. डाळ, मटकी, हुलगा, अंडं, ताक, हे अंग भरून काढणारं, दोन्ही वेळेला हवंच. आईनं हुलग्याचं माडगं परत सुरू केलं. भाकरी, भात, साखर, तेल ही आपली पेंड. तीच मोजून. चहा तीन कप, अर्धा चमचा. तेलाचा डबा आता तीन महिने पुरतो. कालवणावर तवंग नसला तर पाहुणे काय म्हणतील, ही भीती महिनाभर होती, मग गेली.

पण खरा प्रश्न बायकोनं विचारला. एका पहाटे मी बूट घालत होतो, ती चुलीपुढं. म्हणाली, "तुम्ही हिंडा. माझं वजन कोण बघायचं?" तिची कंबर 94. गुडघे दुखतात. सकाळी पाचला उठून रात्री दहापर्यंत ती बसत नाही, तरी पोट सुटलेलं. का? सगळ्यांचं झाल्यावर जेवते. तेव्हा भाजी संपलेली, डाळीचं पाणी उरलेलं. राहिलेली भाकरी आणि भात वाया जाऊ नये म्हणून खाते आणि लगेच झोपते. तपासणीत रक्तही कमी निघालं. पोट सुटलेलं आणि अंगात रक्त नाही, दोन्ही एकाच बाईत. वजनाचा काटा नुसता बघितला असता तर कळलं नसतं. आणि आपल्याच रानात ऊस तोडायला येणाऱ्या बाया बघा, त्यांना पोटभर मिळत नाही. लठ्ठपणा आणि उपासमार एकाच बांधावर आहेत, म्हणून सरसकट "कमी खा" हे सांगणं चूक आहे.

त्या दिवसापासून सकाळची धार आणि गोठा माझ्याकडं. मुलगा-सून मिळून सकाळचा स्वयंपाक बघतात. रात्री साडेसातला सगळे एका पंगतीला बसतो, ती पण. हे लिहायला सोपं आहे, करायला तीन महिने भांडणं झाली. आता सहा-सात बाया शाळेच्या पटांगणात चालतात. रस्त्यावर चालायला त्यांना लाज वाटत होती, कुत्र्यांचीही भीती होती. मुख्याध्यापकांनी फाटक सकाळी उघडं ठेवलं. एवढीशी गोष्ट, पण त्याशिवाय जमलं नसतं.

आम्ही बापय चालून आलो की जुन्या तालमीत जातो. तिथं दहा वर्षं पोती ठेवलेली होती, ती काढली. वीस बैठका, दहा जोर, सूर्यनमस्कार, ज्याला जे झेपेल ते. जेवणातली साखर खपते ती मोठ्या प्रमाणात स्नायूंत, म्हणून चालण्याइतकंच हे गरजेचं. आठवड्याला दीडशे मिनिटं दमवणारी हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे साधं माप आहे. आण्णा काठी घेऊन येतात. जोर मारत नाहीत, पण आकडा तेच मोजतात, आणि कुणी खोटं मोजलं तर शिवी देतात. रोज रात्री वहिनी त्यांचे तळपाय बॅटरीच्या उजेडात तपासतात. रानात बूट घातल्याशिवाय पाऊल नाही.

हिशोब असा. दीड वर्षात माझे आठ किलो गेले, कंबर 106 ची 97 झाली. अजून सात सेंटिमीटर बाकी. बायकोची 94 ची 89, रक्त सुधारलं, गुडघे थोडे हलके. सात जणांतले दोघं लग्नसराईत गळाले ते परत आले नाहीत. जत्रेच्या आठवड्यात सगळ्यांचंच वजन वाढतं, ते आम्ही मान्य केलंय. मटणाला नाही म्हणत नाही, रस्सा दुसऱ्यांदा घेत नाही.

या ऑगस्टला परत सोयाबीनला पंप पाठीला लावला. सहा पंप मारले. पाठ दुखली, धाप नाही लागली. औषध संपल्यावर पंप उतरवला तेव्हा लक्षात आलं, पोटावरच्या त्या पंपातलं आठ लिटर पाणी सांडलंय. अर्धं अजून आहे.

माती परीक्षण आपण तीन वर्षांतून एकदा तरी करतो. घरात शिवणकामाचा टेप असेल. आज रात्री बेंबीच्या पातळीवर धरा, पोट आत ओढू नका, आणि आकडा पिकाच्या वहीतच लिहा. घरातल्या बाईचाही लिहा. आणि वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर तपासा. काटा टोचला की दुखलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.