थकीत पुस्तकांची यादी

आमच्या वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी २०२०च्या जूनमध्ये सुरू केला. मार्चपासून दार बंद होतं. पुस्तकं सभासदांच्या घरी अडकली होती आणि सभासदही स्वतःच्या घरी अडकले होते. ग्रुपचं नाव काय ठेवायचं यावर कार्यवाह सरांशी फोनवर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी वाचनालयाचंच नाव ठेवलं आणि डीपीला लाकडी कपाटांचा जुना फोटो लावला. पहिल्या दिवशी साठ-सत्तर जण जोडले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या निम्म्या लोकांनी 'शुभ सकाळ'ची फुलं पाठवली. मी डोक्याला हात लावला, पण आतून बरंही वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच वाचनालयात माणसं आल्यासारखी वाटली.

तळवली हे नवी मुंबईतलं गाव, रबाळे आणि घणसोली या दोन स्टेशनांच्या मधलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला खाली एक गाव आहे हे कळतही नाही. १९७०मध्ये सिडको आली, पुढे शेतं आणि मिठागरं गेली, गावठाण तेवढं राहिलं. गावठाणात मूळची आगरी-कोळी घरं आणि त्यांच्या मधल्या चाळींत, इमारतींत भाड्यानं राहणारी सातारा-सांगलीकडची, खानदेशातली, कोकणातली माणसं. आमचं वाचनालय दोन खोल्यांचं. दुपारी घरची कामं आटपून बायका यायच्या, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं आणि रविवारी वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे निवृत्त काका. मी तिथे देवघेवीचं काम बघते. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला आहे, त्यापलीकडे माझ्याकडे पदवी नाही.

टाळेबंदीत रिकामपण होतं म्हणून इंटरनेटवर ग्रंथालयांविषयी शोधायला लागले. तेव्हा एक जुनी गोष्ट सापडली. २००६मध्ये अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या कामांची यादी केली होती. ब्लॉग सुरू करा, फोटो चढवा, विकीवर लिहा, पॉडकास्ट ऐका, अशी. कुणी शिकवणार नाही, आपापलं करून बघायचं आणि काय झालं ते लिहायचं. पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेअर बक्षीस. ही कल्पना मग देशोदेशीच्या ग्रंथालयांनी उचलली. त्या यादीतली काही साधनं आज हयातही नाहीत. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. काउंटरमागच्या माणसानं नवं काही शिकण्यासाठी वरून परिपत्रक यायची वाट बघू नये, हे त्यात गृहीत धरलं होतं. मी वहीत माझी स्वतःची यादी केली. तेवीस नाही जमल्या, अकरा झाल्या.

पहिलं काम मराठी टायपिंगचं. आमची जुनी पुस्तकयादी कुणीतरी कधीकाळी एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणून दाखल नोंदवही समोर ठेवून सगळी पुस्तकं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. रोज पन्नास-साठ. त्यात कळलं की एकाच लेखकाचं नाव आमच्या वहीत चार तऱ्हांनी लिहिलेलं आहे. माणसाच्या डोळ्याला ते चालतं, शोधपट्टीला चालत नाही. मग गूगल शीट, मग तिच्यात तारखेवरून 'मुदत संपली' असं आपोआप लाल करणारं सूत्र. कोहाविषयीही वाचलं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनवून २०००मध्ये सुरू झालेली ही मोफत संगणकप्रणाली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. आपल्याकडची कितीतरी महाविद्यालयं ती वापरतात. आमच्या एका जुन्या संगणकावर ती बसवणं मला झेपलं नाही, पण तिची माहितीपुस्तिका मी मोबाईलवर वाचत राहिले. पुढे ती कामाला आली.

ग्रुपवर दुसराच प्रश्न उभा राहिला. लोक कादंबऱ्यांच्या पीडीएफ टाकायला लागले. एका काकांनी खांडेकरांची कादंबरी टाकली आणि खाली लिहिलं, 'मॅडम, वाचनालय घरपोच!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय बोलणार? वाचायला मिळतंय, लोक खूश आहेत. पण कायदा वाचला तेव्हा हिशेब कळला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे. खांडेकर १९७६मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०३६ संपेपर्यंत मोकळं नाही. मी काकांना वेगळा मेसेज करून हे समजावलं आणि ग्रुपवर मराठी विकिस्रोत आणि ऑनलाइन विश्वकोशाच्या लिंका टाकल्या. काका दोन दिवस रुसले. मग स्वतःच विचारायला लागले, 'लक्ष्मीबाई टिळक चालतील का?' चालतील, म्हटलं. त्या १९३६मध्ये गेल्या.

हे सगळं सांगतेय ते एवढ्यासाठी, की त्या काळात मला स्वतःचा थोडा अभिमान वाटायला लागला होता. कायदा मला कळतो, शीट मला येते, ग्रुप मी शिस्तीत चालवते. पुढची चूक त्या अभिमानातूनच झाली.

ऑक्टोबर २०२०मध्ये ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली. मग दुसरी लाट आली, पुन्हा दार बंद, पुन्हा उघडलं. या उघडझापीत बाहेर गेलेली पुस्तकं परत येईनात. २०२१च्या डिसेंबरात शीटमध्ये त्रेचाळीस ओळी लाल झाल्या होत्या. आधी मी फोन करून बघितले. कुणी उचलत नव्हतं, कुणी 'उद्या आणतो' म्हणत होतं. एका संध्याकाळी मी त्या त्रेचाळीस ओळी गाळून घेतल्या, स्क्रीनशॉट काढला आणि ग्रुपवर टाकला. सभासदाचं नाव, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, किती दिवस जास्त. खाली हात जोडलेली खूण. तेव्हा ग्रुपवर एकशे ऐंशी लोक होते.

परिणाम बघून मी थक्क झाले. दुसऱ्या दिवशी पिशव्या भरभरून पुस्तकं आली. चार दिवसांत एकतीस पुस्तकं जमा. कार्यवाह सरांनी ग्रुपवर माझं कौतुक केलं. एक काका हसत म्हणाले, 'मॅडम, तुम्ही तर आमची वरातच काढली.' मीही हसले.

आठव्या दिवशी दुपारी ती आली. गावठाणातली सून, तिशीची असेल. दर पंधरवड्याला यायची, कधी कथासंग्रह, कधी मुलीसाठी गोष्टींचं पुस्तक न्यायची. यादीत तिचं नाव होतं. नावापुढे होतं लग्न झालेल्या स्त्रीचे कायदेशीर हक्क सांगणारं एक छोटं पुस्तक. पोटगी कशी मागायची, तक्रार कुठे करायची, स्त्रीधन म्हणजे काय, असं प्रश्नोत्तरांचं. ते तिनं का नेलं होतं हे मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. कदाचित नुसतंच चाळायला नेलं असेल. पण तिचा दीर आमचा सभासद होता आणि तो ग्रुपवर होता.

तिनं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "ताई, माझं नाव कमी करा. अनामत मिळेल ना?"

मी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. घरात म्हणाले, वाचायचं काय कारण?"

एवढंच. माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी शंभर रुपये मोजून दिले, वहीत तिची सही घेतली. ती गेल्यावर लक्षात आलं, की मी 'माफ कर' हा शब्दसुद्धा म्हटला नाही. कारण त्या क्षणी माझी चूक नेमकी काय झाली तेच मला धड मांडता येत नव्हतं. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. पुस्तक तिच्याकडेच होतं आणि उशीरही झालाच होता.

चूक कळली ती टेबलाच्या खणामुळे. आमच्याकडे कधीकाळी ब्राउन पद्धतीनं देवघेव चालायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी ही पद्धत काढली असं आम्ही अभ्यासक्रमात शिकलो होतो. प्रत्येक सभासदाचं एक छोटं पाकीट आणि प्रत्येक पुस्तकात एक कार्ड. पुस्तक नेलं की त्यातलं कार्ड सभासदाच्या पाकिटात घालायचं आणि परतीच्या तारखेप्रमाणे ट्रेमध्ये लावायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा पुस्तकात, पाकीट सभासदाच्या हातात. झालं. कोणी काय नेलं होतं याचा मागमूस राहत नाही. परीक्षेत या पद्धतीचा दोष म्हणून आम्ही हेच लिहायचो, की देवघेवीची कायमची नोंद राहत नाही. त्याला गुणही मिळायचे.

त्या संध्याकाळी जुनी पाकिटं हातात घेऊन बसले होते तेव्हा वाटलं, तो दोष नव्हता. पुस्तक बाहेर आहे तोवर ते कुणाकडे आहे हे वाचनालयाला माहीत हवं, परत आल्यावर त्यानं ते विसरायला हवं. आणि माहीत असतानाही ते फक्त टेबलाच्या या बाजूला माहीत हवं. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं १९३९च्या आपल्या आचारसंहितेत वाचकाची माहिती गुप्त ठेवण्याचं कर्तव्य नोंदवलं होतं. कोहाच्या माहितीपुस्तिकेतही वाचनाचा इतिहास पुसण्याची सोय सांगितली होती. ते पान मी वाचलं होतं. आपल्याला काय करायचंय, म्हणून पुढे गेले होते. रंगनाथनांचे पाच नियम मला पाठ होते. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं ते सांगतात. त्या बाईला तिचं पुस्तक मिळालं होतं, मीच दिलं होतं. आणि ते तिच्या हातून सुटलं तेही माझ्यामुळेच.

स्क्रीनशॉट मी त्याच रात्री पुसायला गेले. आठ दिवस उलटून गेल्यावर 'सर्वांसाठी पुसा' हा पर्याय दिसतच नाही. माझ्या फोनवरून गेला, बाकीच्या फोनांत राहिला.

नंतर मी काही गोष्टी बदलल्या. थकीत पुस्तकाचा निरोप आता ज्याचा त्याला जातो, ग्रुपवर नाही. निरोपात पुस्तकाचं नाव नसतं. 'वाचनालयाचं एक पुस्तक परत करायचं राहिलं आहे' एवढंच. कारण आमच्याकडे बऱ्याच घरांत बाईचा म्हणून दिलेला नंबर नवऱ्याचा असतो, नाहीतर मुलाचा. आता सभासद अर्जावर आणखी एक प्रश्न विचारते, हा फोन घरात आणखी कोण बघतं? बायका या प्रश्नाला आधी हसतात, मग विचार करून उत्तर देतात. काहीजणी सांगतात, 'फोन करूच नका ताई, मी येतेच.' शीटमध्ये पुस्तक परत आलं की त्या ओळीतलं सभासदाचं नाव पुसते, पुस्तकाची नोंद ठेवते. कार्यवाह सरांनी विचारलं, अनुदानाच्या अहवालाला लागलं तर? मी दाखवलं, अहवालाला आकडे लागतात. किती सभासद, किती पुस्तकांची देवघेव. कुणी काय वाचलं हे कुणी विचारत नाही. ते म्हणाले, मग ठीक आहे. २०२३मध्ये आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, तेव्हा त्यांनीच बातमीचं कात्रण माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

ग्रुप बंद केला नाही. बंद करावासा वाटला होता, पण त्याच ग्रुपवर एका आजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ऐकायला पुस्तकं मिळाली आणि अभ्यासिकेच्या मुलांनी आपापसात जुनी पुस्तकं वाटून घेतली. नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो मी अजूनही दर शनिवारी टाकते. दोष फोनचा नव्हता. सूचनाफलकावर हातानं लिहून लावली असती तरी ती यादी चूकच ठरली असती. फरक इतकाच, की फलकावरचा कागद मला फाडता आला असता.

ती अधूनमधून दिसते. तळवली नाक्यावर भाजी घेताना, मुलीला शाळेतून आणताना. सुरुवातीला मी नजर चुकवायची. एकदा धीर करून थांबवलं आणि म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं. मी असं ग्रुपवर टाकायला नको होतं." ती म्हणाली, "जाऊ द्या हो ताई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं." मग मुलीचा हात धरून रस्ता ओलांडून गेली.

गेल्या वर्षी तिची मुलगी एकटीच वाचनालयात आली. बालविभागाची सभासद झाली. तिच्या अर्जावर फोन नंबरच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं नाही. दोन पुस्तकं दिली, परतीची तारीख सांगितली आणि ती तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली.